शिंगं नसलेला व्हायकिंग

माझ्या भाच्याला शाळेच्या वेषभूषा स्पर्धेत व्हायकिंग व्हायचं होतं. दरवर्षी शिवाजी, टिळक आणि डॉक्टर यांची रांग लागते, त्यात आपला मुलगा वेगळा उठून दिसेल, असा त्याच्या आईचा हिशोब. पुठ्ठा, चंदेरी कागद, डिंक आणि एक रंगीत चित्र घेऊन स्वारी रविवारी सकाळी आमच्याकडे हजर झाली. चित्रातल्या दाढीवाल्याच्या शिरस्त्राणाला म्हशीची शोभावीत अशी दोन शिंगं होती. मी म्हटलं, "अरे, खऱ्या व्हायकिंगांना शिंगं नव्हती." तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, शिंगां नासत जाल्यार तो व्हायकिंग कसो?"

प्रश्न रास्त होता. बी. ए. ला इतिहास घेतलेल्या मामाची अब्रू त्यात पणाला लागली होती. म्हणून त्याला शिंगांची हकिकत सांगितली. जर्मन संगीतकार वाग्नर याची 'रिंग' नावाची संगीतिकांची मालिका १८७६ साली बायरॉइथला पहिल्यांदा अखंड सादर झाली. तिचे कपडे कार्ल एमिल डोपलर या वेषभूषाकाराने आखले होते आणि शिरस्त्राणांवर शिंगं चढवली ती त्याने. तिथून ती चित्रांत, जाहिरातींत आणि अखेर आमच्या चंदेरी कागदापर्यंत आली. शिंगांची खरी शिरस्त्राणं डेन्मार्कमध्ये सापडली आहेत. १९४२ साली वेक्सो इथल्या दलदलीत त्यांची एक जोडी मिळाली. पण ती कांस्ययुगातली, इसवी सनापूर्वी सुमारे ९०० ची. व्हायकिंगांचा काळ धरतात तो इ. स. ७९३ च्या लिंडिसफार्नवरच्या हल्ल्यापासून पुढे अकराव्या शतकापर्यंत. म्हणजे मध्ये दीड हजाराहून जास्त वर्षं गेली. व्हायकिंग काळातलं बऱ्यापैकी शाबूत असं शिरस्त्राण १९४३ मध्ये नॉर्वेत गेरमुन्डबू इथे सापडलं. गोल लोखंडी टोप आणि डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी. शिंगं नाहीत.

पोराने हे सगळं शांतपणे ऐकलं आणि दुसरा प्रश्न टाकला. "मग खरं कसं होतं ते कुणी करून बघितलंय?"

करून बघितलंय, आणि तेही शंभराहून जास्त वर्षं. आजचा लेख त्या करून बघणाऱ्यांविषयी.

युरोप-अमेरिकेत हजारो माणसं सुट्टीच्या दिवशी जुन्या काळात राहायला जातात. कोणी शिक्षक, कोणी आमच्यासारखे कचेरीतले. हाताने विणलेले कपडे घालतात, चुलीवर रांधतात, ढाल-तलवार घेऊन खोटी लढाई करतात. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे काही मित्रांनी घरामागच्या अंगणात मध्ययुगीन थाटाची मेजवानी आणि द्वंद्वं ठेवली आणि शेवटी विसाव्या शतकाचा निषेध म्हणून मिरवणूक काढली. त्या गमतीतून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनाक्रोनिझम' ही संस्था उभी राहिली आणि ती आज अनेक देशांत आहे. डेन्मार्कमध्ये ऑर्हूसजवळ मोसगॉर्डला १९७७ पासून व्हायकिंगांचा मेळा भरतो. लोहार, चामडं शिवणारे, मणी ओतणारे, सूत कातणाऱ्या बाया, सगळे तिथे येतात.

खरं सांगायचं तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. पोटभर खाऊन-पिऊन झालं की माणसाला असले चाळे सुचतात, असं वाटलं. आपण तरी काय कमी, दशावतारात रात्रभर राजे होतोच की. माझं मत बदललं ते जहाजांमुळे.

१८८० साली नॉर्वेत सांडेफ्योर्डजवळ गोकस्टाड इथल्या एका टेकाडात आख्खं जहाज पुरलेलं सापडलं. नवव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, सुमारे २३ मीटर लांब, ओकच्या पातळ फळ्यांचं. बघणाऱ्यांनी शंका काढली की हे कोकरू मोठ्या समुद्रात टिकणार कसं? माग्नुस आंदेर्सन नावाच्या एका नॉर्वेजियन कप्तानाने वाद घालत बसण्यापेक्षा तसंच दुसरं जहाज बांधलं, त्याला 'व्हायकिंग' नाव दिलं आणि १८९३ च्या एप्रिलच्या शेवटी बर्गनहून अटलांटिक ओलांडायला निघाला. साधारण चार आठवड्यांत तो पलीकडे पोचला आणि मग कालव्यांतून, सरोवरांतून थेट शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात. हे तेच प्रदर्शन, ज्याच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत त्याच वर्षी सप्टेंबरात स्वामी विवेकानंद बोलले. आपण शिकागो म्हटलं की एकच गोष्ट आठवतो. त्याच उन्हाळ्यात तिथल्या तळ्यावर हे लाकडी जहाजही डोलत होतं.

आंदेर्सनने नोंदवून ठेवलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. लाटांवर जहाजाचा वरचा काठ मूळ रेषेपासून पंधरा सेंटीमीटरपर्यंत पिळवटायचा, तरी आत पाणी फारसं यायचं नाही. जहाज लाटेशी भांडत नव्हतं, तिच्यासारखं वळत होतं. टेकाडातलं जुनं जहाज कितीही वेळ बघत बसलं तरी हे कळलं नसतं, कारण ते हलत नव्हतं. संग्रहालयातली वस्तू आकार सांगते. ती चालते कशी, हे चालवल्याशिवाय समजत नाही.

आता डेन्मार्ककडे येऊ. रोस्किल्ड शहराच्या उत्तरेला, सुमारे वीस किलोमीटरवर, खाडीत स्कुल्डेलेव्ह नावाचं गाव आहे. इ. स. १०७० च्या आसपास रोस्किल्डवर समुद्रातून हल्ला होऊ नये म्हणून तिथल्या लोकांनी जुनी जहाजं दगड भरून खाडीच्या वाटेत बुडवली. पुढे कोळ्यांच्या तोंडी कथा राहिली की तिथे मार्ग्रेथ राणीचं जहाज बुडालंय. १९६२ साली ओलाफ ओल्सेन आणि ओले क्रुमलिन-पेडरसन या पुरातत्त्वज्ञांनी त्या जागेभोवती लोखंडी पत्र्यांची भिंत ठोकली, आतलं पाणी उपसलं आणि चिखलातून हजारो तुकडे काढले. राणीचं जहाज निघालं नाही. निघाली ती त्या राणीच्या तीनशे वर्षं आधीची पाच जहाजं. आधी सहा वाटली होती. मग चौथ्या क्रमांकाचे तुकडे दुसऱ्याच जहाजाचे निघाले. म्हणून आजही त्यांचे क्रमांक एक, दोन, तीन, पाच आणि सहा असे आहेत. चार नंबरची फाईल बंद! आम्हा कारकुनांना ही गोष्ट विशेष भावते.

१९६९ मध्ये त्यांच्यासाठी रोस्किल्डला संग्रहालय उघडलं. पण तिथली माणसं काचेमागे तुकडे जोडून थांबली नाहीत. एकेका जहाजाची त्यांनी पुनर्रचना करायला घेतली. तीन नंबरच्या छोट्या मालवाहू जहाजावरून १९८४ पर्यंत 'रोआर एगे' तयार झालं. पाच नंबरवरून १९९१ मध्ये 'हेल्गे आस्क', सहावरून १९९८ मध्ये 'क्राका फीर', एक नंबरवरून २००० मध्ये 'ओतार'. याच धबडग्यात संग्रहालयाच्या वाढीसाठी बंदराची जागा खणताना १९९६-९७ मध्ये आणखी नऊ जहाजांचे अवशेष सापडले. त्यातलं एक तर सुमारे ३७ मीटर लांब होतं.

बांधायचं म्हणजे कसं? तर करवत वापरायची नाही. जुन्या फळ्यांवर करवतीच्या खुणा नाहीत, कुऱ्हाडीच्या आहेत. कुठल्या आकाराच्या कुऱ्हाडीची खूण कुठे आहे हे बघून तशा कुऱ्हाडी लोहाराकडून घडवून घेतल्या. ओकचं ओलं खोड पाचरी ठोकून उभं फाडायचं. भाकरीचे दोन अर्ध करावेत, मग चतकोर, मग त्याचेही निम्मे, तसं. मधून बाहेरच्या सालीकडे जाणारे हे काप म्हणजे फळीचा कच्चा माल. मग कुऱ्हाडीने तासत तासत अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत आणायची. यात लाकूड वाया जातं आणि मेहनत खूप. पण करवत लाकडाच्या तंतूंना आडवी-तिडवी कापत जाते, आणि पाचर तंतूंच्या वाटेने जाते. तंतू अखंड राहिले की पातळ फळीही वाकते पण मोडत नाही. जुनी जहाजं लाटांवर पिळवटूनही का टिकत, त्याचं एक उत्तर या कुऱ्हाडीत होतं.

या फळ्या एकीच्या काठावर दुसरीचा काठ अशा बसवतात. आपल्या कौलारू घरावर नळे एकमेकांवर चढवतात ना, तसं. मध्ये डांबरात भिजवलेलं लोकरीचं सूत घालायचं, लोखंडी खिळा आरपार ठोकायचा आणि आतल्या बाजूने चकती घालून तो ठेचून बसवायचा. आधी कवच उभं राहतं, आतल्या फासळ्या मागाहून येतात. म्हणजे जहाजाचा आकार फळी बसवणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

आता शिडाची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत मोठी वाटते. व्हायकिंगांची शिडं बव्हंशी लोकरीची होती. आपल्याला वाटेल, लोकर पावसात भिजून जड होईल, वारा आरपार जाईल. प्रयोग करणाऱ्यांनाही तेच वाटत होतं. उत्तर नॉर्वेत ट्रोंडेनेस इथल्या जुन्या दगडी चर्चच्या छपरात फटी बुजवायला कोंबलेल्या चिंध्या सापडल्या, आणि त्या मध्ययुगीन लोकरी शिडाच्या निघाल्या. मग शोध सुरू झाला तो मेंढीपासून. नॉर्वेच्या बेटांवर बारा महिने उघड्यावर चरणाऱ्या जुन्या जातीच्या मेंढ्या अजून होत्या. त्यांच्या अंगावर दोन थर असतात. वर लांब, तेलकट, पाणी झटकणारे केस आणि खाली मऊ लोकर. वरच्या केसांचा घट्ट पिळाचा धागा ताण्याला, खालच्या लोकरीचा सैल धागा बाण्याला. विणून झाल्यावर कापड चेपून दाट करायचं आणि चरबी, डांबर, गेरू यांचं लेपण द्यायचं. ही कामं कशी करायची हे पुस्तकात नव्हतं. बेटांवर लोकर हाताळत आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातात त्याचे काही धागे शिल्लक होते, त्यांच्याकडे जाऊन बसावं लागलं.

'ओतार'चं शीड ९० चौरस मीटरचं आहे. अशा शिडाला सुमारे दोनशे मेंढ्यांची लोकर लागते. मी एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब मांडला. सेंटीमीटरला ताण्याचे आठ आणि बाण्याचे पाच धागे धरले, तर एका चौरस मीटरला १३०० मीटर सूत लागतं. नव्वद मीटरला ११७ किलोमीटर, म्हणजे पणजीहून निघालं तर सावंतवाडी ओलांडून पार कणकवलीकडे. टकळीवर तासाला चाळीस मीटर सूत निघतं असं धरलं, तर जवळजवळ तीन हजार तास. रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, एका बाईचं एक आख्खं वर्ष. नुसत्या कताईचं. लोकर उपटणं, विंचरणं, विणणं, चेपणं यांचा हिशोब वेगळा, आणि खलाशांच्या अंगावरच्या कपड्यांचा त्याहून वेगळा.

लढाया करणाऱ्यांची नावं गाथांमध्ये आहेत. शिडं विणणाऱ्या बायकांची नाहीत. जुनं शीड पुन्हा विणायला घेतलं तेव्हा कळलं की सुतार जेवढा राबत असे तेवढंच किंवा त्याहून जास्त घरातल्या बायका राबत होत्या, आणि त्यांच्याशिवाय एकही जहाज खाडीबाहेर पडलं नसतं. इंग्लंडमध्ये यॉर्क इथे कॉपरगेटच्या उत्खननात (१९७६ ते १९८१) एका सुईने गाठी घालत विणलेला दहाव्या शतकातला लोकरीचा मोजा सापडला. आज शेकडो हौशी लोक तसे मोजे विणतात. आता मला त्यांचं हसू येत नाही. ज्याने एक मोजा विणला, त्याला त्या काळात एका मोज्याला किती संध्याकाळी लागत हे कळलं. मला ते चार ग्रंथ वाचून कळलं नव्हतं.

दोन नंबरचं जहाज सर्वांत मोठं. लढाऊ, सुमारे ३० मीटर लांब, साठ वल्ह्यांचं. लाकडातल्या वर्षवलयांवरून कळलं की हे डेन्मार्कमध्ये बांधलेलंच नाही. आयर्लंडमधल्या ओकचं, १०४२ साली डब्लिनला बांधलेलं. त्या वेळी डब्लिन व्हायकिंगांचं शहर होतं. या जहाजाचा जेमतेम चौथा हिस्सा उरला आहे. उरलेल्या तीन हिश्श्यांचा अंदाज बांधत रोस्किल्डच्या कारागिरांनी २००० ते २००४ या काळात 'सी स्टॅलियन' म्हणजे 'ग्लेनडालॉकचा दर्याघोडा' उभा केला. १ जुलै २००७ रोजी साठाहून जास्त स्वयंसेवक घेऊन तो डब्लिनला निघाला. माणशी जागा एक-सव्वा चौरस मीटर. वर छप्पर नाही. पाऊस, थंडी, ओले कपडे, ओली झोप. उत्तर समुद्रात वारा पडला तेव्हा सोबतच्या बोटीने त्याला बराच पल्ला ओढून नेलं, आणि संग्रहालयाने ही गोष्ट लपवली नाही. १४ ऑगस्टला तो डब्लिनला पोचला. पुढच्या वर्षी दक्षिणेच्या मार्गाने परतला.

डब्लिनच्या धक्क्यावर लोक लोटले होते. पण हे जहाज एके काळी कशासाठी यायचं? आयरिश बखरीत इ. स. ८२१ ची नोंद आहे की डब्लिनजवळच्या होथवर धाड पडली आणि कितीतरी बायका पकडून नेल्या. डब्लिन हा गुलामांचा मोठा बाजार होता. स्वागताच्या समारंभात डेन्मार्कच्या संस्कृतिमंत्र्यांना बोलावं लागलं की व्हायकिंगांनी आयर्लंडच्या लोकांचं जे नुकसान केलं त्याचा आम्हाला अभिमान नाही. हजार वर्षांनी मागितलेल्या या माफीची वर्तमानपत्रांनी थट्टा केली. मला ती थट्टेची गोष्ट वाटत नाही. जहाज चित्रात होतं तोवर कोणाला काही बोलावं लागलं नव्हतं. ते खरोखर धक्क्याला लागलं तेव्हा बोलावं लागलं.

या छंदाची खरी अडचण इथे आहे. मेळ्यात सगळे योद्धे, लोहार, सरदार होतात. गुलाम व्हायला कोण येणार? भूक, ताप, बाळंतपणातलं मरण, परतीची खात्री नसणं यांचा वेष शिवता येत नाही. रविवारी संध्याकाळी गाडी चालवत घरी जाणारा माणूस नवव्या शतकात राहून आलेला नसतो. आणि गाळलेल्या गोष्टींच्या जागी दुसरं काहीही भरता येतं. जर्मनीत नाझी राजवटीत हिमलरच्या 'आननएर्बे' या संस्थेने हेडेबी इथल्या व्हायकिंग बंदराचं उत्खनन आपल्या पंखाखाली घेतलं होतं, वंशश्रेष्ठत्वाचे पुरावे काढायला. आजही काही लोक ती जुनी चिन्हं त्याच कामाला वापरतात, आणि प्रामाणिक मंडळींना त्यांना आपल्या मेळ्यातून दूर ठेवावं लागतं. आपल्याकडे इतिहासाचा पोशाख घालून कोण काय बोलतं, ते मी सांगायला नको.

म्हणून रोस्किल्डची पद्धत मला पटते. हा भाग सापडलेला, हा अंदाजाने केलेला, हा चुकला म्हणून बदलला, असं सगळं नोंदवून ठेवायचं. 'रोआर एगे' तीस वर्षांनंतर थकलं तेव्हा त्यांनी त्याची डागडुजी करत बसण्याऐवजी त्याच तीन नंबरचं जहाज नव्याने बांधलं. 'एस्त्रिद ब्युरडिंग' हे त्याचं नाव, २०२२ मध्ये पाण्यात उतरलं. पहिल्या जहाजाच्या वेळी शिकलेले हात आता म्हातारे झाले होते. दुसरं बांधताना नवे हात शिकले.

अशा शिकलेल्या हातांची किंमत कधी कळते? फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात गेदलों इथे १९९७ पासून एक किल्ला बांधणं चालू आहे. तेराव्या शतकाची अवजारं, जवळच्या खाणीतला दगड, जवळच्या रानातला ओक, माणूस आत चालून फिरवतो ती मोठ्या चाकाची यारी. हा किल्ला कोणाला जिंकायचाही नाही की राहायचाही नाही. पर्यटक तिकीट काढून बघायला येतात. वेडेपणाच म्हणायचा. १५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र-दामचं छप्पर जळून कोसळलं. ते मध्ययुगीन ओकच्या तुळयांचं होतं. तसंच पुन्हा बांधायचं ठरलं, तेव्हा ओलं खोड कुऱ्हाडीने तासून तुळई करणारे सुतार हवे होते, आणि त्यांच्यातले काही गेदलोंला तयार झालेले निघाले. २०२४ च्या डिसेंबरात नोत्र-दाम पुन्हा उघडलं. त्या छपरात या 'वेड्यां'च्या कुऱ्हाडीच्या खुणा आहेत.

इथे मला आमच्या वाड्यावरच्या मेस्तांची आठवण येते. होड्या करायचे. माझ्या लहानपणी त्यांचं काम थकत आलं होतं, फायबरच्या होड्या यायला लागल्या होत्या. रापणीच्या मोठ्या होड्या पूर्वी काथ्याने शिवत. फळीला काठाने भोकं पाडायची, काथ्याची दोरी ओवून आवळायची. खिळा नाही. वाळूवर आपटली तरी अशी होडी लवते, फुटत नाही. मेस्तांनी तरुणपणी ते काम केलं होतं. फळीवर तळहात फिरवून ते कुठे तासायचं ते सांगायचे. कोणी माप विचारलं की म्हणायचे, "म्हाका कितें विचारता? हाताक विचार." आम्ही पोरं हसायचो. मी पुढे सरकारी नोकरीत लागलो. उभा जन्म नोंदी करण्यात गेला. कोणाचा अर्ज कधी आला, कोणत्या टेबलावर किती दिवस पडला, सगळं नोंदवलं. कागदावर नाही ती गोष्ट घडलीच नाही, हे आमचं शास्त्र. आणि पन्नास पावलांवर राहणाऱ्या मेस्तांना मी एक ओळ विचारली नाही. ते गेले तेव्हा त्यांचा वाकस कोणी भंगारात दिला तेही ठाऊक नाही.

पण हे शिवणकाम अगदीच संपलेलं नव्हतं. अजिंठ्याच्या एका चित्रात जहाज आहे, साधारण पाचव्या शतकातलं. त्यावरून शिवलेलं जहाज बांधायचं ठरलं आणि ते बांधलं गेलं आपल्याच दिवाडी बेटावरच्या होडी इनोव्हेशन्सच्या गोदीत. नकाशा नव्हता, मूळ जहाजाचा एक तुकडाही नव्हता, फक्त भिंतीवरचं चित्र. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या सोबतच्या कारागिरांनी काथ्याने फळ्या शिवल्या, कारण केरळात ती विद्या अजून जिवंत हातांत होती. २१ मे २०२५ रोजी कारवारला ते नौदलात 'कौंडिण्य' या नावाने दाखल झालं, २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारी २०२६ रोजी, संक्रांतीला, मस्कतला पोचलं. रोस्किल्डने चौथ्या हिश्श्यावरून बांधलं, इथे नुसत्या चित्रावरून. म्हणजे अंदाज आणखी जास्त, आणि म्हणून कुठे अंदाज केला हे सांगण्याची जबाबदारीही जास्त. पण त्यांना ज्या हातांसाठी चिखल उपसावा लागला, ते हात आपल्याकडे अजून चहा पिताना भेटू शकतात. नॉर्डिक देशांची होड्या बांधण्याची परंपरा २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, ती तिथे अजून काही म्हातारे आणि त्यांचे शिष्य उरले होते म्हणून.

जुनं जग पुन्हा उभं करण्याचा खटाटोप मला आता हास्यास्पद वाटत नाही. तो महाग आहे, अपुरा आहे आणि प्रामाणिकपणे केला तरच कामाचा आहे. साखळी तुटल्यावर ती जोडायला किती कष्ट पडतात, हे त्या डॅनिश लोकांकडून शिकावं. आणि जिथे ती तुटलेली नाही, तिथे आधी जाऊन बसावं.

असो. भाच्याच्या शिरस्त्राणाला आम्ही शेवटी शिंगं लावली नाहीत. पुठ्ठ्याचा गोल टोप आणि डोळ्यांभोवती चष्मा. स्पर्धेत परीक्षकांनी त्याला विचारलं, "तू कोण? मोटारसायकलवाला?" नंबर आला नाही. पण त्याने म्हणे तिथल्या तिथे १९४३ साल सांगून टाकलं. घरी आल्यावर म्हणाला, आता खरी होडी कशी शिवतात ते बघायचंय.

मेस्त असते तर हाताला धरून नेलं असतं. तुमच्या वाड्यावर असा कोणी मेस्त, कोणी माग चालवणारी आजी अजून असेल, तर वाचकहो, या रविवारी जाऊन या. वही घेऊन जा. आणि ते हाताकडे बोट दाखवतील तेव्हा हसू नका.